शहराचे गिऱ्हाईक

परदेशातून कायमच्या परत आलेल्या माणसाला पहिले काही महिने जो तो ‘कसं वाटतंय पुणं?’ असे विचारतो, आणि विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. वाहतूक असह्य झाली, टेकड्या पोखरल्या गेल्या, नदीचे गटार झाले, पूर्वीचे पुणे राहिले नाही. सतरा वर्षे जर्मनीत राहून २०२४ मध्ये परतल्यावर मीही हेच उत्तर देत होतो, आणि त्यातले एकही वाक्य खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. मात्र या उत्तरात परतणाऱ्याची एक मोठी सोय असते. शहर बिघडले ते आपण इथे नसताना, म्हणजे ते दुसऱ्या कोणीतरी बिघडवले, असे त्यात न बोलता सांगितलेले असते. माझ्यासारख्यांचे या शहराशी नेमके कोणते नाते उरले आहे, हा प्रश्न म्हणूनच मला केवळ घरगुती हळहळीचा वाटत नाही. आमच्या हाती पैसा असतो, ओळखी असतात, तक्रार नेमक्या शब्दांत मांडण्याची सवय असते. आम्ही कोणत्या नात्याने परततो यावर हे सारे बळ कोठे खर्च होणार हे ठरते. आणि माझे मत असे झाले आहे की आपल्यापैकी बहुतेकजण नागरिक म्हणून परतत नाहीत, गिऱ्हाईक म्हणून परततात.

आधी त्या ‘पूर्वीच्या पुण्या’चा हिशेब करू. माझे बालपण सहकारनगरमध्ये गेले, आणि माझ्या लेखी जुने, शांत, झाडीचे पुणे म्हणजे तेच. पण १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले नसते, तर सहकारनगर आज आहे तसे वसले असते की नाही, शंकाच आहे. नदीकाठच्या पेठांतून विस्थापित झालेल्यांच्या पूरग्रस्त सोसायट्या सहकारनगर, गोखलेनगर अशा, त्या काळी गावाबाहेरच्या मानल्या जाणाऱ्या जागांवर उभ्या राहिल्या. पेठेतल्या माझ्या मावशीआजीला आमच्याकडे येणे म्हणजे प्रवास वाटे आणि ‘तिकडं रानात’ असा ती आमच्या घराचा उल्लेख करी. म्हणजे मी ज्याला जुने पुणे म्हणतो ते तिच्या दृष्टीने शहर बिघडवणारे नवे पुणे होते. आज त्या सोसायट्यांपैकी अनेक पुनर्विकासात पडत आहेत, आणि तिथे उभ्या राहणाऱ्या उंच इमारतींत जन्मणारी मुले आणखी वीस वर्षांनी त्यांनाच जुने पुणे म्हणतील.

या हळहळीत आणखी एक गोष्ट झाकली जाते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी आणून ते पेठांतल्या हौदांत सोडले गेले. त्या अभियांत्रिकीचा पुणेकराला रास्त अभिमान आहे. पण त्याच शहरात १८६८ मध्ये महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, आणि ही गोष्ट इतिहासात नोंदवावी लागली, यावरून बाकीचे हौद कोणासाठी होते हे कळते. शहरात पाणी आहे आणि शहरातल्या सर्वांना पाणी आहे, ही दोन वाक्ये पुण्यात कधीच एक नव्हती. आपल्याला आठवते ते पुणे ज्यांना ते पुरत होते त्यांच्या आठवणीतले आहे, हे एकदा मान्य केले की पुढचा युक्तिवाद अधिक प्रामाणिकपणे करता येतो.

शहर वाढले, हे तर उघडच आहे. पुणे महापालिकेच्या हद्दीतली लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे २५ लाख आणि २०११ मध्ये ३१ लाखांहून थोडी अधिक होती. त्यानंतर जनगणनाच न झाल्याने आजचा आकडा जो तो आपल्या सोयीने सांगतो. हद्द मात्र अंदाजाने वाढत नाही. १९९७ मध्ये गावे आली, २०१७ मध्ये ११ आली, ३० जून २०२१ रोजी आणखी २३ आली, आणि क्षेत्रफळाच्या मापाने पुणे मुंबईपेक्षा मोठे झाले. ही वाढ आमच्या गैरहजेरीत झाली असली तरी आमच्याशिवाय झाली नाही. युरोच्या पगारातून घेतलेला, भिंतींना रंगाचा वास तसाच राहिलेला, वर्षातून तीन आठवडे उघडणारा फ्लॅट माझाही होता. २०११ साली मी तो सूसच्या बाजूला, इमारत कागदावर असतानाच घेतला. समोर शेत होते आणि माहितीपत्रकात त्या शेताला ‘निसर्गरम्य परिसर’ असे म्हटले होते. ते शेत पुढे कोणी विकले आणि त्यावर काय उभे राहिले, याबद्दल आज मी संताप व्यक्त करतो तेव्हा माझी स्वतःची इमारत कोणाच्या शेतावर उभी आहे हे विसरलेले असते.

गिऱ्हाईकपणाची सवय मात्र आम्ही येथून नेलेली नव्हती. ती तिकडे लागली, आणि कशी लागली ते सांगण्याजोगे आहे. जर्मनीत नव्या घरात राहायला गेले की दोन आठवड्यांच्या आत आपला पत्ता नगर कार्यालयात नोंदवावा लागतो. मी पहिल्याच आठवड्यात जाऊन रांगेचा क्रमांक घेतला, कागद दिले, शिक्का मारून घेतला, आणि त्या दिवसापासून शहराच्या दृष्टीने मी होतो. कचऱ्याचे वेळापत्रक घरपोच आले. बस वेळेवर येत असे आणि नळाचे पाणी न उकळता पिता येत असे. या बदल्यात मी कर देत होतो, नियम पाळत होतो आणि रविवारी भिंतीत ड्रिल मारत नव्हतो. एवढाच व्यवहार होता. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना तेथील नगरपालिकेच्या निवडणुकीत मत देता येते. आमच्यासारख्या बाहेरच्यांना देता येत नाही. ट्राम कोठून जावी, पोहण्याचा तलाव चालू ठेवावा की खर्चासाठी बंद करावा, यावर माझे शेजारी सभांना जात, पत्रके वाटत, एकमेकांशी अबोला धरत. मी बाल्कनीतून बघत असे. तो वाद त्यांचा होता आणि त्या वादातून निघालेली ट्राम मात्र माझीही होती.

सतरा वर्षे अशी गेली की माणसाला चांगले शहर ही एक तयार वस्तू वाटू लागते. ती वस्तू कोणाच्या भांडणांतून, कोणाच्या कंटाळवाण्या सभांतून, किती दशकांच्या करांतून तयार झाली हे त्याला दिसलेले नसते, कारण तो त्यात नव्हताच. परतल्यावर तो आपल्या शहराकडूनही वस्तूच मागतो, ती मिळाली नाही की चिडतो, आणि ‘जर्मनीत असं नसतं’ हे वाक्य सुरू होते. आमच्या सोसायटीच्या पहिल्याच सभेत मी ते उच्चारले. मागच्या खुर्चीवरचे एक निवृत्त गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘साहेब, जर्मनीत तुम्ही कोणत्या समितीवर होता?’ सभा हसली. मला तेव्हा राग आला होता. आता वाटते की या लेखाचा निम्मा मुद्दा त्यांनी एका वाक्यात उरकला होता.

अशा गिऱ्हाइकाची गरज भागवायला आजचे पुणे अगदी सज्ज आहे. पालिकेचे पाणी नसेल तर टँकर आहे, वीज गेली तर जनरेटर आहे, फुटपाथ नसेल तर आवारात चालण्याची वेगळी वाट आहे, बाग नसेल तर गच्चीवर बाग आहे, बस नसेल तर मोबाइलवर मागवायची गाडी आहे. मी परदेशी गेलो त्याच वर्षी, २००७ मध्ये, पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. परतल्यानंतरच्या पहिल्या आठ महिन्यांत मी तिच्या बसमध्ये एकदाही चढलो नव्हतो, आणि ज्याने परदेशात रोज बसने प्रवास केला त्याला याचे काही वाटतही नव्हते. कुंपणाच्या आत युरोपाची एक छोटी प्रतिकृती मासिक देखभाल खर्चावर चालवता येते, आणि कुंपणाबाहेर जे आहे त्याबद्दल हळहळता येते. परतणाऱ्यांची ही जीवनपद्धती आता इतकी रुळली आहे की तीत काही निवड केलेली आहे याची जाणीवही राहत नाही.

आमच्या प्रवेशद्वाराजवळच्या चौकीत एक लांबट वही आहे. टँकर आला की सुरक्षारक्षक तीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहितो, चालक सही करतो, मग जाड पाइप जमिनीतल्या टाकीत सोडला जातो आणि वीसेक मिनिटे तो फरशीवर धडधडत राहतो. एका मे महिन्यातली पाने मी उलटून पाहिली. पहिली खेप पहाटे पाचला, शेवटची रात्री साडेअकराला, आणि एका दिवसाची नोंद पानाखाली न मावल्याने समासात उभी लिहिलेली. ‘पाणी कोठून आणता?’ या प्रश्नाला एका चालकाने नुसता हात हलवून डोंगराची दिशा दाखवली. वार्षिक सभेत हा खर्च ताळेबंदात एका ओळीत येतो आणि टाळ्यांशिवाय, चर्चेशिवाय मंजूर होतो.

यात वाईट काय, असे कोणीही विचारील, आणि प्रश्न गैर नाही. आम्ही आमच्या पैशाने पाणी घेतो, पालिकेवर भार टाकत नाही, उलट मिळकतकर भरूनही सेवा घेत नाही. मग दोष आमचा कसा? उत्तर असे की आम्ही पाण्याबरोबर आणखी एक गोष्ट विकत घेतो, ती म्हणजे पालिकेची उसंत. नव्या गावांत बांधकामाला परवानगी देताना, पालिकेचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना स्वखर्चाने पाणी पुरवण्याचे हमीपत्र बिल्डरकडून घेण्याची पद्धत आहे. बिल्डर काही काळ पुरवतो, मग इमारत सोसायटीच्या ताब्यात देऊन मोकळा होतो, आणि हमीपत्र कोणत्या फाइलीत आहे हे कोणालाच सांगता येत नाही. या व्यवस्थेत खरा दबाव कोणी आणू शकत असेल तर ते आम्ही. कागद वाचता येतात, माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, गरज पडली तर वकील लावता येतो. तोच वर्ग टँकरच्या वहीवर सही करून शांत झाला की परवानग्या पुढे जात राहतात. शिवाय आमचे पाणी काही हवेतून येत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. त्यातूनच शहर पिते आणि त्यातूनच कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेताला पाणी जाते, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी त्यावरून ओढाताण होते. जे धरणातून येत नाही ते कोणाच्या तरी विहिरीतून वा बोअरमधून येते. आम्ही जास्त भाव देऊ शकतो, म्हणून ते त्याच्या गावाकडे न वळता आमच्या टाकीत उतरते.

विकत घेता येत नाही अशा गोष्टीचा दाखला २०२५ च्या जानेवारीत मिळाला. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायातली शक्ती जाते, काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते, असा हा विकार. संशयित रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली आणि काही जण दगावले. संशय पाण्यावर आला. खडकवासला धरणाच्या इतक्या जवळ असूनही या गावांच्या काही भागांना जलशुद्धीकरण केंद्रातून न जाता, विहिरीत घेऊन केवळ जंतुनाशक मिसळलेले पाणी मिळत होते. यातली काही गावे २०२१ मध्येच पालिकेत आली होती, म्हणजे हद्दीत येऊन साडेतीन वर्षे झाली तरी शुद्ध केलेले पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. त्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर घरगुती फिल्टरच्या कंपन्यांची तुलना करणारे तक्ते फिरत होते. मीही एक तक्ता पाठवला होता. त्या गावांना केंद्र कधी मिळणार, हे आमच्यापैकी एकानेही विचारले नाही.

आणि विचारायचे कोणाला, हाही प्रश्न होताच. मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे या शहराला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक अंदाजपत्रक मांडत होता आणि प्रशासकच ते मंजूर करत होता. ज्या काळात नवी गावे हद्दीत येऊन पाणी, ड्रेनेज, रस्ते मागत होती नेमक्या त्याच काळात त्यांच्यासाठी भांडायला निवडून आलेले कोणी नव्हते. हिंजवडीची तऱ्हा याहून विचित्र. लाखो लोक जिथे संगणकावर जगभराची कामे करतात त्या जागेचा स्थानिक कारभार दोन दशकांहून अधिक काळ ग्रामपंचायतीकडे राहिला, भूखंड एमआयडीसीचे, नियोजन २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पीएमआरडीएचे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. पावसाळ्यात तिथला रस्ता तुंबला की कोणाच्या दारी जायचे हे तिथे वीस वर्षे नोकरी करणाऱ्यालाही सांगता येत नाही. परतणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिथेच कामाला जातात आणि तुंबलेल्या रस्त्याचे छायाचित्र तेवढे पुढे पाठवतात.

या चार वर्षांत नगरसेवक नाहीत याची उणीव आमच्या कुंपणात कोणाला जाणवली नाही, हे मला सर्वांत बोचते. परतल्यावर मी पहिल्या महिन्यात बँकेचे खाते बदलले, गॅसची जोडणी घेतली, गाडीला फास्टॅग लावला. मिळकतकरात मालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत मिळते हे कळल्यावर पीटी-३ अर्ज, सोसायटीचे पत्र, सगळे कागद घेऊन दोन हेलपाटेही घातले. मी इथेच राहतो हे शहराला पटवण्याची तेव्हा मला मोठी घाई होती. मतदारयादीत नाव घालणे तेवढे राहिले. जानेवारीत मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या बोटावर शाईची खूण होती. त्या गावठाणातल्या दोन खोल्यांत राहतात, त्यांच्याकडे नळ एक दिवसाआड येतो, आणि त्यांनी चार नगरसेवकांच्या प्रभागात चार वेळा बटण कसे दाबले हे हसत सांगितले. ‘दादा, तुमचं कुठल्या शाळेत होतं?’ असे त्यांनी सहज विचारले. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. कधीही देश न सोडलेला पुणेकरही असाच वागतो. त्याच सोसायटीत तोही टँकरवर जगतो. मग परतणाऱ्यालाच का झोडपायचे? झोडपायचे नाही. फरक एवढाच की परतणाऱ्याने दुसरी बाजू पाहिलेली आहे. सार्वजनिक व्यवस्था चालू शकते, बसने जाणे हे गरिबीचे लक्षण नसते, नळाचे पाणी सरळ पेल्यात घेता येते, हे त्याने रोज अनुभवले आहे; इथल्या अनेकांना ते खरेच वाटत नाही. ही साक्ष मोलाची आहे. पण ती ‘तिकडे असे असते’ या टोमण्यात वाया जाते, आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या बाकावर दोन तास बसून दिली तर उपयोगी पडते. दुसरे असे की पैसे टाकून बाहेर पडण्याची वाट आमच्याइतकी रुंद फार थोड्यांना मिळते. ताईंना ती मिळत नाही, म्हणून त्या मतदानाला जातात.

बाकावर बसून काय मागायचे, याचे माझे उत्तर फार मोठे नाही. पाण्याची प्रत्यक्ष सोय झाल्याशिवाय इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळू नये आणि हमीपत्रांची यादी प्रत्येक प्रभागाच्या कार्यालयात उघड लावलेली असावी. प्रभागाला रोज किती पाणी सुटले याचा आकडा वर्तमानपत्रातल्या धरणसाठ्याइतक्या सहजपणे मिळावा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली छोटी कामे सुचवता येतात. ही सोय बाक आणि पेव्हर ब्लॉक यांत अडकून न पडता तिचा उपयोग गावठाण आणि सोसायटी यांनी मिळून करावा. मेट्रो आली, विमानतळाची नवी इमारत आली, चांदणी चौकातला जुना पूल पाडून नवे रस्ते झाले. मोठी कामे होतात, कारण त्यांची उद्घाटने होतात. गावातल्या जलवाहिनीचे उद्घाटन करायला कोणी येत नाही, म्हणून तिच्यासाठी कोणीतरी सतत मागे लागावे लागते.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडला. टँकरच्या खर्चाचा दहावा हिस्सा बाजूला काढून त्यातून हमीपत्राचा पाठपुरावा करावा, गावठाणातल्या महिला बचत गटाबरोबर एकत्र अर्ज द्यावा, आणि जलवाहिनी टाकली गेली तर तिची पहिली जोडणी गावठाणाला मिळावी, असे त्यात होते. पहिल्या दोन कलमांना फारसा विरोध झाला नाही. तिसऱ्यावर आवाज चढले. पैसे आपले आणि पाणी आधी त्यांना, हे कसले गणित, असे एकाने विचारले, आणि ते सिंगापूरहून परतलेले होते. मागच्या खुर्चीवरच्या त्या निवृत्त गृहस्थांनी माझ्या बाजूने हात वर केला. ठराव अकरा मतांनी पडला. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेसाठी मी तो पुन्हा दिला आहे, तिन्ही कलमांसह.